पिवळ्याखाली लाल

निपाणीच्या शिक्षण मंडळाचे हेडक्लार्क मार्तंडराव यांच्या तावडीतून सुटलेला माणूस गावात नव्हता. म्हणजे ते कुणाच्या मागावर असत असं नाही. मंडळाच्या दोन मराठी, एक कन्नड आणि एक इंग्रजी अशा चार शाळांची प्रवेशाची रजिस्टरं त्यांच्या ताब्यात होती, आणि जो कधीकाळी पहिलीत बसला तो त्या रजिस्टरांत होताच. कधी जन्मला, बापाचं नाव काय, मातृभाषा कुठली, शाळा का सोडली, सगळं एका ओळीत. निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं होतं, कारण जुन्या मास्तरांना तारखा विचारत बसायला वेळ नव्हता. मार्तंडराव स्वतःही एक जूनचेच. त्यामुळे येत्या एकतीस मेला ते निवृत्त होणार होते, आणि जाण्याआधी ही रजिस्टरं धडधाकट अवस्थेत पुढच्या माणसाच्या हाती द्यायची, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती.

चौतीस वर्षं त्यांनी ती डोळ्यांत तेल घालून सांभाळली. दर उन्हाळ्यात गच्चीवर ऊन दाखवलं, पानापानांत कडुनिंबाचा पाला घातला. आणि एक नियम पाळला, रजिस्टरात खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, वर लाल शाईनं बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. खरवडणं नाही, पांढरं फासणं नाही. हा नियम त्यांनी तीन हेडमास्तरांना ऐकवला, एका माजी सभापतीला ऐकवला आणि पोराचं वय दोन वर्षांनी कमी करून मागणाऱ्या सख्ख्या मेव्हण्यालाही ऐकवला. मेव्हणा अजून त्यांच्या घरी जेवायला येत नाही.

नियम पाळला नाही तो फक्त वाळवीनं. रजिस्टरांचे फोटो काढून संगणकात घालायचं काम नुकतंच संपलं होतं, तोवर तिनं मागच्या खोलीतली कपाटं रजिस्टरांसकट आतून पोखरली. उरलेला भुगा मंडळानं ठराव करून टाकून दिला. "संगणकातली प्रत मूळ रजिस्टराबरहुकूम आहे" या वाक्याखाली सही केली मार्तंडरावांनी. तेव्हापासून चार शाळांची साठ-सत्तर वर्षं स्टोअररूममधल्या तीन काळ्या यंत्रांत होती, आणि मार्तंडरावांची झोप उडाली होती.

यंत्रं बसवली नीलमनं. ही बेळगावच्या खासबागेतली पोरगी, सात वर्षं पुण्यात नोकरी करून परत आलेली, आठवड्यातून तीनदा बसनं निपाणीला यायची. तिनं त्यांना समजावलं, "सर, तीन कपाटं समजा. प्रत्येक पानाची एक-एक प्रत तिन्हींत. एक कपाट बंद पडलं तरी दोन ऱ्हातात." यंत्रांना नावं द्यावी लागतात म्हणून तिनं ती आपल्या सोयीनं दिली. घर म्हणून खासबाग, मावशीचं गाव म्हणून लोंढा आणि तिसऱ्याचं संकेश्वर, कारण तिची बस तिथं रोज हटकून रखडायची.

मार्तंडरावांचं समाधान होईना. दिवसातून चार वेळा ते स्टोअररूममध्ये जाऊन यंत्रांवर हात ठेवून बघायचे. शेवटी ते म्हणाले, "नीलम, आत काय चाललंय ते मला दिसाय पाहिजे."

"दिसंल की सर. डॅशबोर्ड करते. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक पान उघडायचं, त्यात तिन्ही यंत्रांची तब्येत कळती."

पान उघडायच्या आधीच संगणकानं बजावलं की हे ठिकाण सुरक्षित नाही. मार्तंडरावांनी माऊसवरचा हात काढून घेतला.

"तसं न्हाय सर. ह्या पानाचं सर्टिफिकेट मीच तयार केलंय, मीच त्यावर सही केली आहे. म्हणून ते तसं म्हणतंय."

"स्वतःच्या दाखल्यावर स्वतःच सही? मग बरोबरच म्हणतंय की ते!" मार्तंडराव म्हणाले. संगणकाबद्दल त्यांना पहिल्यांदाच आदर वाटला. रीतसर प्रमाणपत्र येईपर्यंत दोन दिवस त्यांनी ते पान उघडू दिलं नाही.

उघडलं तेव्हा त्यात चाळीसेक चकत्या, आलेख आणि मुंगीएवढे आकडे होते. नीलम कौतुकानं बघत होती. मार्तंडराव चष्मा पुसत होते.

"हे काढ सगळं," ते म्हणाले. "मला माझ्या खुर्चीतनं, बिनचष्म्याचं दिसलं पाहिजे. आडवे दोन पट्टे कर, ह्या कडेपासनं त्या कडेपर्यंत. वरचा यंत्रांचा, खालचा रजिस्टरांचा. अक्षर एक नको. हिरवं म्हणजे ठीक."

"सर, इंडस्ट्रीत असं कुणी करत न्हाय."

"इंडस्ट्री एकतीस मेला रिटायर व्हायली न्हाय. मी व्हायलोय."

तिनं केलं. यंत्र बंद पडलं की वरचा पट्टा पिवळा, तिन्ही पडली तर लाल. रजिस्टरांच्या तीनऐवजी दोनच प्रती उरल्या की खालचा पिवळा, एकच उरली तर लाल. पंधरा दिवस दोन्ही पट्टे हिरवेगार राहिले आणि मार्तंडराव रात्रीचे घोरायला लागले. पिवळं वर आणि लाल खाली आलं तर काय दिसेल, हा विचार त्या दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही. साऱ्या सीमाभागात हा विचार न सुचणारी बहुधा तेवढी दोनच माणसं असतील.

मग उद्घाटन ठरलं. मंडळाचे चेअरमन भरमूअण्णा यांना काहीही झालं की उद्घाटन लागायचं. अण्णा मराठीचे इतके कट्टर की फोनमधली बाई कन्नडमध्ये बोलायला लागली की तिला दम देऊन फोन ठेवायचे. पाहुणे होते चिकोडीहून येणारे शिक्षण खात्याचे आण्णाप्पा साहेब. ते कन्नडचे तितकेच अभिमानी. दोघांचं एकमेकांशी बोलणं गोड असायचं, फक्त प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलायचा आणि दुसऱ्याची कळत नाही असं दाखवायचा.

सभागृहात भलामोठा टीव्ही लावला होता. साहेब आले, हार झाले, आणि अकराच्या ठोक्याला वायरमन सूरजनं टीव्ही चालू केला.

वर पिवळं, खाली लाल. कडेपासून कडेपर्यंत.

आमच्याकडे हे दोन रंग या क्रमानं एकावर एक आले की त्यांना रंग म्हणत नाहीत, कर्नाटकाचा झेंडा म्हणतात. आण्णाप्पा साहेबांचा चेहरा फुलला. "भाळ छलो! भाळ छलो!" म्हणत ते टाळ्या वाजवू लागले, आणि आनंदाच्या भरात चक्क मराठीत म्हणाले, "अण्णा, तुमचं मन एवढं मोठं आसंल असं वाटलं न्हवतं." शिपाई जयाबाईंनी वेगळंच बघितलं. "आगं बया, हळद-कुंकू! लई ब्येस केलंस गं पोरी," असं म्हणून त्यांनी टीव्हीला झेंडूचं फूल वाहून हात जोडले.

भरमूअण्णांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दात दिसतील इतपत हसत ते नीलमजवळ सरकले. "कुणी सांगितलं हे लावाय? बदल. भगवं कर."

"अण्णा, त्यात भगवं न्हाय."

"मग हिरवं कर. हिरवं हाय न्हवं?"

पण नीलमचं लक्ष अण्णांकडे नव्हतंच. ती लॅपटॉपवर बोटं आपटत होती. "लोंढा बंद हाय," ती मागच्या खुर्चीवरच्या मार्तंडरावांकडे वळून म्हणाली. "संकेश्वर बी बंद."

"लोंढा कसं बंद?" अण्णा म्हणाले. "सकाळी आमचा जावई तिथनंच गोव्याला गेला की!"

साऱ्या सभागृहाला त्या पडद्यात झेंडा दिसत होता, एकीला हळद-कुंकू दिसत होतं, आणि तिथं काय लिहिलंय ते फक्त मार्तंडरावांना आणि नीलमला वाचता येत होतं. चार शाळांची एकच प्रत उरली होती. तीही खासबागेत, आणि खासबागेचा पंखा गेले चार दिवस कुरकुरत होता.

"हातानं हिरवं होत न्हाय व्हय?" अण्णांनी पुन्हा विचारलं. साहेबांच्या टाळ्या थांबत नव्हत्या.

नीलम म्हणाली, "होतंय. इशारा दाबून ठेवता येतो. एक बटन हाय."

"मग दाब की!"

चौतीस वर्षांत मार्तंडरावांनी चेअरमनच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं. चार चेअरमन झाले, त्यातले दोन निव्वळ मूर्ख होते, तरी नाही. आता मात्र ते उठले.

"न्हाय दाबायचं," ते म्हणाले. "अण्णा, खाडाखोड चालत न्हाय. आडात न्हाय ते पोहऱ्यात दाखवून काय करायचं?" आणि ते थेट पाहुण्यांसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, हा झेंडा न्हाय. वरचं पिवळं म्हणजे आमची दोन यंत्रं बंद पडल्याती. खालचं लाल म्हणजे सगळ्या रजिस्टरांची एकच प्रत जिवंत ऱ्हायलीय. ती गेली की तुमचंबी नाव गेलं."

"माझं?" साहेबांच्या टाळ्या हवेतच थांबल्या.

"एकोणीसशे त्र्याहत्तर. आमची कन्नड शाळा, पहिली. अनुक्रमांक एक्केचाळीस. तुमच्या वडिलांची बदली झाली म्हणून दुसरीतनं दाखला न्हेला."

साहेबांना पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचं होतं, आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणून कचेरीनं याच शाळेचा उतारा मागितला होता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या रांगांतही चुळबुळ सुरू झाली. मराठी शाळेचं काय, इंग्रजीचं काय, आमच्या धाकट्याचं काय? एवढा वेळ ताठ मानेनं बघत बसलेल्या माणसांना आता तो पडदा बघवेना.

"मग तार कुठं तुटली?" कुणीतरी ओरडलं.

तार कुठंच तुटली नव्हती. टीव्हीची वायर झेंडूच्या माळेखालून, खिडकीतून, व्हरांड्यातून स्टोअररूमच्या दिशेनं जात होती. मार्तंडराव तिच्या मागोमाग गेले, त्यांच्या मागोमाग नीलम, तिच्या मागोमाग साहेब, अण्णा आणि निम्मं सभागृह. वायर स्टोअररूममध्ये शिरली. तिथं बॅटरीवर चालणारा बोर्ड होता. गावाची वीज गेली तरी ज्याची जात नाही, असा तो सबंध इमारतीतला एकमेव बोर्ड, मार्तंडरावांनी भांडून बसवून घेतलेला. त्यात लोंढ्याच्या जागी टीव्ही खुपसला होता, संकेश्वरच्या जागी लाउडस्पीकर. खासबागेची पिन कपाटामागं होती म्हणून वाचली होती.

"साहेबांच्या भाषणात लाईट जाऊ ने म्हणून हितनं घेतलंय," सूरज अभिमानानं म्हणाला. "लई डोकं लावलंय मी."

मार्तंडरावांनी स्वतःच्या हातानं दोन्ही पिना उपसल्या आणि यंत्रांच्या पिना खोचल्या. तिकडं टीव्ही काळा झाला, लाउडस्पीकर मुका झाला. इकडं लोंढ्यानं घुर्र केलं. संकेश्वर मात्र गप्पच.

"ते रोजच उशीर करतंय," नीलम म्हणाली.

सगळे मार्तंडरावांच्या खोलीत, त्यांच्या लहान संगणकापुढं दाटीवाटीनं उभे राहिले. थोड्या वेळानं खालचा पट्टा लालाचा पिवळा झाला. साहेब झेंडा विसरले, अण्णा संताप विसरले. दोघंही "हो बाबा, हो हिरवा" म्हणत वरच्या पट्ट्याकडे बघत होते, एक कन्नडमध्ये, एक मराठीत. सात मिनिटांनी संकेश्वर जागं झालं. वरचा पट्टा हिरवा झाला, आणि चुकलेल्या नोंदी जुळवून झाल्यावर खालचाही झाला. मार्तंडराव खुर्चीत बसले आणि सर्वांसमोर रडले. त्यांना लाज वाटली नाही, इतकं त्यांना बरं वाटत होतं.

सभागृहात उरलेल्या मंडळींना ते हिरवं काही दिसलं नाही, कारण टीव्हीची पिन जमिनीवर पडली होती.

"माझं नाव बघू या का?" साहेबांनी हळूच विचारलं.

नीलमनं पान उघडलं. पिवळट कागद, वळणदार कन्नड अक्षर. अनुक्रमांक एक्केचाळीस, आण्णाप्पा, जन्म एक जून. साहेबांनी डोळे पुसले. मग त्यांची नजर एक ओळ खाली घसरली. बेचाळीस, भरमप्पा. मातृभाषा, कन्नड.

साहेबांनी पानाकडं बघितलं, मग अण्णांकडं. "भरमप्पा? माझ्या बाकावरचा भरमप्पा? माझी पेन्सिल खाणारा?"

अण्णांचं घर तेव्हा कन्नड शाळेच्या दारात होतं, म्हणून त्यांना वर्षभर तिथं बसवलं होतं, एवढंच. आणि मास्तरांनी जशी सगळ्यांची जन्मतारीख एक ठेवली, तशी मातृभाषाही. पण हे सांगायला अण्णांना उसंत मिळेना. साहेब त्यांच्या पाठीवर थापा मारत "भरमप्पा, भरमप्पा" करत होते.

"मार्तंडराव," अण्णा अखेर हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्हांस्नी ठावं हुतं?"

"चौतीस वर्षं."

"मग कधी कुणाला बोलला न्हाईसा ते?"

"तसा अर्ज आला न्हवता, अण्णा."

अण्णांनी इकडंतिकडं बघितलं. "हे जरा पांढरं करता येतंय का?"

मार्तंडरावांनी खिशातलं लाल पेन काढून टोपण उघडलं. "खाडाखोड न्हाय. एक रेघ मारायची, वर बरोबर ते ल्ह्यायचं, आन् खाली सही करायची. तुमची. साहेब हाईतच साक्षीला."

अण्णांनी पेन हातात घेतलं, पडद्याजवळ नेलं, बराच वेळ त्या ओळीकडं बघितलं. मग टोपण लावून ते परत दिलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पर ह्येच्या तीन-तीन प्रती कशाला ठेवल्याईसा?"