गोठ्यावरची कौलं

राजधानीत, सोफियात कायदा झाला आणि डॅन्यूबकाठच्या आमच्या गावातली सामुदायिक शेती मोडायला समिती नेमली गेली. तिच्यात गावातलाच दोब्री होता. त्याची थोरली भावजय रुसान्का लग्नाआधीपासून सामुदायिक गोठ्यावर धारा काढायची. तिचा नवरा गांचो तिथलाच ट्रॅक्टर चालवायचा. मी त्यांची शेजारीण.

गाई चिठ्ठ्या टाकून वाटल्या. रुसान्काकडे दोन आल्या. ज्यांनी जन्मात सडाला हात लावला नव्हता त्यांच्याकडेही आल्या. मास्तरांनी गाडी रस्त्यावर काढून गॅरेजात गाय बांधली. दोन घरांत मिळून एक गाय आली तिथे आठवडे ठरले, आणि चारा पुढच्या आठवड्यावर ढकलायचं दोघांनीही सुरू केलं. चारा होताच कुठे म्हणा. मुरघासाचा अख्खा खड्डा समितीने शहरातल्या व्यापाऱ्याला विकला होता.

त्या गाईंना यंत्राची सवय. हाताने पान्हा सोडेनात, कासा दगडासारख्या व्हायच्या. संध्याकाळ झाली की दावी तोडून त्या जुन्या गोठ्याच्या बंद दाराशी जाऊन हंबरत राहायच्या. रुसान्का बादली घेऊन जायची आणि गाय कुणाचीही असो, तिची धार काढायची. तिची बोटं इतकी सुजली की पाव कापायला ती मला हाक मारायची.

थंडी तोंडावर आली तेव्हा ती घरोघर फिरली. गाई पुन्हा गोठ्यात एकत्र बांधू, मी बघते, दूध वाटून घ्या, असं तिचं म्हणणं. बहुतेकांनी सुटकेचा निःश्वास टाकून हो म्हटलं. मग मला बरोबर घेऊन ती दोब्रीकडे गेली. त्याने घरच्या दारूचे, राकियाचे पेले पुढे केले, तिने घेतला नाही.

"भाऊजी, इमारत तेवढी राहू द्या. लोक तयार आहेत."

"वहिनी, मला नेमलंय ते मोडायला. राखायला नाही."

"मोडून कुणाचं भलं होणार आहे?"

"ते मला कुणी विचारलं नाही," दोब्री म्हणाला. "आणि मी नाही म्हटलं, तर माझ्या जागी शहरातून कुणीतरी येईल. त्याच्या तुम्ही वहिनी नसाल."

त्याच आठवड्यात गोठ्यावर माणसं चढली. रुसान्का धावत गेली, मागोमाग मी. पन्हाळीजवळ उभा राहून कौलं खाली देणारा गांचो होता. उन्हाळ्यात ट्रॅक्टरचा लिलाव झाल्यापासून तो घरीच बसलेला. घरी त्याने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

"खाली उतर," ती म्हणाली.

"उतरतो. मग दुसरा कुणी चढेल आणि ही कौलं त्याच्या घरी जातील." त्याने हातातलं कौल खालच्या माणसाला दिलं. "मजुरी म्हणून कौलंच देतायत. आपलं छप्पर गळतंय, रुसान्का. आठ वर्षं झाली."

मी तिच्या कोपराला धरलं तर तिने हात सोडवून घेतला. घरी येऊन तिने मिरच्या भाजायला घेतल्या आणि जाळून टाकल्या.

बर्फ पडायच्या आत गांचोने घर शाकारलं. काम नीट केलं त्याने, त्याला नावं ठेवायला जागा नाही. गोठ्याच्या भिंतीतल्या विटाही लोकांनी उपसून नेल्या. आम्हीही नेल्या. कसायाचा ट्रक गावात दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला रुसान्काने आपल्या दोन्ही गाई स्वतः फळीवरून चढवल्या, कारण ड्रायव्हर काठी वापरत होता. ट्रक निघेपर्यंत ती गाईंशी बोलत होती. काय ते मला ऐकू आलं नाही.

वसंतात ती ग्रीसला गेली, थेसालोनिकीत एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करायला. गांचो बसपर्यंत पिशवी घेऊन गेला होता. तिने पिशवी घेतली, त्याच्याकडे बघितलं नाही. पैसे मात्र ती दर महिन्याला पाठवते.

त्याला बरीच वर्षं झाली. काडीमोड झाला नाही, भांडणही झाल्याचं कुणी ऐकलं नाही. बायको कधी येणार, असं गांचोला कुणी विचारलं तर तो टोपी जरा मागे सारून सांगतो, "म्हातारी अजून जिवंत आहे तिथली."