डाव्या गालाचा रंग

“डोळ्याखालचं ते काळं तेवढं काढून टाका छायाताई,” प्रफुल्ल तिच्या खुर्चीमागं उभा राहून म्हणाला. “गिऱ्हाइकाचा सकाळीच फोन आला होता. बाई पाकिटावर आजारी दिसेल म्हणाले.”

“सावली असेल ती,” छाया म्हणाली.

“सावली असो नाहीतर काजळ असो. गाल स्वच्छ पाहिजे. उद्या दुपारपर्यंत फाइल द्यायचीय.”

प्रफुल्ल वयानं तिच्याहून लहान होता, पण पंचवटीतला तो छापखाना त्याच्या मालकीचा होता आणि छाया तिथं बारा वर्षं कॉम्प्युटरवर काम करत होती. लग्नपत्रिका, औषधांची लेबलं, निवडणुकीची पत्रकं, येईल ते. गंगापूर रोडवरच्या एका मसालेवाल्यानं आपल्या ऑफिसातल्या तैलचित्राचा फोटो पाठवला होता. भाजी विकायला बसलेली एक बाई. तिला मसाल्याच्या पाकिटावर घ्यायचं होतं, दुकानांच्या पाट्यांवर आणि टेम्पोच्या अंगावरही. फोटो फार मोठा केला की फाटतो, ठिपके दिसायला लागतात. म्हणून सगळं चित्र रेषांनी नव्यानं बांधायचं, व्हेक्टरमध्ये. मग ते बोटाएवढं छापा की भिंतीएवढं, कड तशीच राहते.

सोमवारी फोटो पडद्यावर उघडला तेव्हाच छायानं बाई ओळखली होती. हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके, पदराला लावलेलं निळं ठिगळ, सुतळीनं बांधलेलं तराजूचं पारडं. ती तिची आई होती, नवसाबाई. या चित्राची गोष्ट घरात कितीदा तरी सांगून झाली होती. चित्रकलेच्या कॉलेजातला कुणी मुलगा, सत्तावीस वर्षांपूर्वी, तीन दिवस सकाळी बाजारात आईपुढं येऊन बसला आणि तिसऱ्या दिवशी उरलेली सगळी मेथी विकत घेऊन गेला. एवढ्या मेथीचं त्यानं काय केलं असेल, यावर सगळे हसायचे. चित्र मात्र घरातल्या कुणी पाहिलं नव्हतं. छाया प्रफुल्लला काही बोलली नाही. आधी नीट पुरं करू, छापून आईच्या हातात देऊ, मग सांगू, असं तिनं ठरवलं होतं. दोन दिवस ती डबा खाता खाता काम करत होती.

आज ती डाव्या गालाशी येऊन थांबली होती.

तैलचित्रात रंग एकमेकांत मुरतात. कुठला कुठं संपला हे कुणी विचारत नाही. व्हेक्टरमध्ये तसं चालत नाही. प्रत्येक छटेभोवती रेष फिरवून तिचा बंद तुकडा करावा लागतो आणि त्यात रंग भरावा लागतो. म्हणजे समोर आहे ते काय आहे, हे आधी ठरवावं लागतं. छायानं चित्र आठपट मोठं केलं. डोळ्याखाली जांभळं होतं. त्याच्याभोवती हिरवट, आणि अगदी कडेला पिवळं. शिवाय चित्रातलं कोवळं ऊन त्याच बाजूनं येत होतं, नेमकं त्याच गालावर. सावली पडायची तर पलीकडं.

हा रंग तिनं पाहिलेला होता. गेल्या वर्षी ती गाडीवरून पडली तेव्हा चार दिवसांनी तिची नडगी अशीच दिसत होती.

चित्र काढलं तेव्हा छाया दहा वर्षांची असेल. आई काही दिवस पदर पुढं ओढून वावरत होती. म्हशीनं डोळ्यावर शेपटी मारली म्हणाली होती. छायानं ते शाळेत मैत्रिणींना हातवारे करून सांगितलं होतं, आणि सगळ्या पोट धरून हसल्या होत्या.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. मखमलाबादच्या अर्ध्या आळीतले तंटे मिटायला त्यांच्याकडं यायचे. घरात त्यांचा आवाज चढलेला छायाला आठवत नव्हता. पाच वर्षांपूर्वी ती स्वतः नवरा सोडून माहेरी आली, तेव्हा कलाबाई आत्या सगळ्यांदेखत म्हणाली होती, “माझ्या भावानं कधी बाईवर हात टाकला नाय, म्हणून तुम्हाला सोसायची सवय नाय.” आई तिथंच बसली होती. ती काही बोलली नव्हती.

संध्याकाळी छाया घरी पोचली तेव्हा नवसाबाई ओसरीवर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. सत्तरीला आली तरी तिनं बाजार सोडला नव्हता. छाया हातपाय न धुताच शेजारी बसली आणि मोबाइलवरचं चित्र तिच्यापुढं धरलं.

नवसाबाईनं मोबाइल आधी लांब धरला, मग जवळ घेतला.

“आगं, हे कुठं घावलं तुला?”

“आमच्याकडं कामाला आलंय. मसाल्याच्या पाकिटावर छापणार आहेत.”

“मला?” ती जराशी लाजली. “ठिगळ बी काढलंय की. लय ध्यान व्हतं पोराचं.”

“आई, डोळ्याखाली काय आहे?”

“म्हशीनं शेपटी मारली व्हती. तुला ठाव हाय की.”

“शेपटीनं असं होत नाही.”

नवसाबाईनं मोबाइल खाली ठेवला. काड्या उचलल्या, देठं एकसारखी केली, दोरा गुंडाळला. एक जुडी झाली, दुसरी झाली.

“त्या पोराला मी म्हणलं, तेवढं नको काढू,” ती शेवटी म्हणाली. “तो म्हणला, मावशी, मला दिसतं ते मी काढतो. दुसऱ्या दिवशी परत म्हणलं. तिसऱ्या दिवशी मीच गप बसले. म्हणलं, ऱ्हाऊ दे. कुठंतरी ऱ्हाऊ दे.”

“एकदाच झालं होतं का?”

“एकदाच झालं असतं तर ऱ्हाऊ दे कशाला म्हणले असते?”

“मला कधी सांगितलं का नाहीस?”

“तुझा त्यांच्यावर लय जीव. त्यांचा बी तुझ्यावर व्हता, ते काय खोटं नाय.”

“मी इथं निघून आले तेव्हा तरी सांगायचंस. आत्या बोलली, तू गप्प बसलीस. मला वाटलं, माझं येणं तुला पटलं नाही.”

“तू आली त्या दिवशी मी तुला काय इचारलं?”

“काहीच नाही.”

“मग,” नवसाबाई म्हणाली.

छायानंही काड्या पुढं ओढल्या आणि जुड्या बांधायला लागली.

“मसालेवाले म्हणतात, गालावरचं ते काढून टाका.”

“मग काढ. तुझं काम हाय ते.” नवसाबाईचे हात थांबले. “त्या मोठ्या चित्रातलं बी निघंल का?”

“नाही. ते तसंच राहणार.”

“मग झालं.”

दुसऱ्या दिवशी छायानं डोळ्याखालच्या रंगांचे ते तुकडे आधी पुरे केले. कुणी मागितले नव्हते, तरी प्रत्येकाची कड होती तशी फिरवली, प्रत्येक रंग फोटोशी ताडून भरला. त्यात साडेअकरा वाजले. मग ते सगळे निवडून तिनं पुसून टाकले. खालचा गव्हाळ गाल गुळगुळीत वर आला.

“आता कशी दहा वर्षांनी लहान दिसतेय,” प्रफुल्ल म्हणाला.

ही माझी आई आहे, हे छायाच्या ओठांवर आलं होतं. पण पडद्यावरच्या या बाईला आई म्हणावंसं तिला वाटेना. तिनं फाइल पाठवून दिली. “मूळ चित्र एकदा बघायचंय,” एवढंच ती म्हणाली. “मसालेवाल्यांना फोन कराल?”

पुढच्या गुरुवारी बाजार आटपल्यावर नवसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसली आणि छायाच्या गाडीवर मागं बसून गंगापूर रोडला आली. ऑफिसच्या काचेच्या दाराबाहेर तिनं चपला काढल्या. “राहू द्या आजी, चालतं,” आतली मुलगी म्हणाली, तरी ती अनवाणीच आत गेली.

चित्र समोरच्या भिंतीवर होतं, छायाला वाटलं होतं त्याहून बरंच मोठं. नवसाबाई आधी खालचं बघत राहिली.

“मेथीच्या सातच जुड्या काढल्यात,” ती म्हणाली. “नऊ व्हत्या.”

मग तिनं मान वर केली. तोंडाकडं ती इतका वेळ बघत उभी राहिली की टेबलामागच्या त्या मुलीनंही हातातलं काम थांबवलं.

“आजी, ओळखीच्या आहेत का कुणी?”

“व्हय,” नवसाबाई म्हणाली. “लय दिवसांनी दिसली.”

कुणी बसा म्हणायची वाट न बघता ती समोरच्या सोफ्यावर बसली, पिशवी पायाशी ठेवली आणि पदर मांडीवर नीट केला. छायाला दोन वाजता छापखान्यात परत जायचं होतं. ती आईशेजारी जाऊन बसली.