गाडी डावीकडे ओढते

मागच्या वर्षी प्रोजेक्टच्या परीक्षेत तिच्या रिमोटच्या गाडीने टेबलावरच पेट घेतला, आणि त्या दिवसापासून इलेक्ट्रॉनिक्सच्या अख्ख्या वर्गात तिचं नाव ठिणगी पडलं. घरी बाबांच्या कानावर ते गेलं, तर तेही त्याच नावाने हाक मारायला लागले. ठिणगीने नावाचं वाईट वाटून घेतलं नाही, वाईट वाटलं ते वर्ष गेल्याचं. बाकी सगळे विषय सुटले होते, प्रोजेक्ट तेवढा मानेवर बसून होता. यंदाही तो हुकला तर कॉलेजातून नाव कमी, असा सरळ नियम होता. सरांनी तिला सुचवून पाहिलं, दारावरची घंटा कर, टाकी भरल्याचा दिवा कर, त्यात जळण्यासारखं काही नसतं. ती म्हणाली, "सर, जी जळली तीच चालवून दाखवायचीय."

मग काय, घरातली एकही वस्तू तिच्या नजरेतून सुटेना. मोडक्या ड्रॉवरचा तळ झाला गाडीचा सांगाडा. मागे दोन मोटरी आणि दोन चाकं, पुढे मोडलेल्या खुर्चीचं एक गरगर फिरणारं चाक. रिमोट बसवला साबणाच्या डबीत. डबीच्या झाकणातून एक दांडी वर आलेली, ती पुढे ढकलली की गाडी पुढे, बाजूला झुकवली की त्या बाजूला. हा सगळा कारखाना चालायचा आत्याच्या शिलाई मशीनच्या टेबलावर. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, घरी बसून कपडे शिवायची. टेबलाच्या मधोमध तिने खडूने रेघ मारून दिली होती. "रेघेच्या अलीकडे तुझा एक जरी स्क्रू दिसला तर मी तो बटण म्हणून शिवून टाकीन," ती म्हणायची, आणि ठिणगीला चिमटा हवा असला की स्वतःच शोधून द्यायची.

बाबांची ड्रायव्हिंग स्कूल होती. स्कूल म्हणजे एकच गाडी, टपावर पाटी आणि शेजारच्या सीटपुढे मास्तरांसाठी जादा ब्रेक. त्या सीटवर बसून, पाय ब्रेकवर ठेवून, बाबांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. फक्त त्यांचा विद्यार्थी लायसन्सच्या परीक्षेत पहिल्या खेपेला सहसा पास होत नसे. बाबांना त्याचाही अभिमान होता. "पहिल्या खेपेला पास होतो तो शिकलेला नसतो, नशीबवान असतो," असं ते फी घेतानाच सांगून टाकत. आत्या मात्र तीनदा बसून तीनदा नापास झाली होती, आणि मास्तरांच्या घरात हे म्हणजे दिव्याखाली अंधार. शिवलेले कपडे स्वतः गाडीने पोचवायचे, एवढी साधी तिची इच्छा. बाबा जेवताना तिला चिडवायचे आणि ती ताटातला भात कालवत राहायची.

परीक्षा परवावर आली तेव्हा ठिणगीची गाडी तयार झाली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून निघून ती खुर्च्यांच्या पायांमधून गेली, टेबलाला वळसा घालून बाहेरच्या दारापर्यंत पोचली आणि तशीच परत आली. कुठे धक्का नाही, कुठे धूर नाही. बाबांनी टाळ्या वाजवल्या. आत्याने हातातलं कापड बाजूला ठेवलं.

"दे बघू माझ्याकडे," ती म्हणाली.

तिने दांडी पुढे ढकलली. गाडी निघाली, हळूहळू डावीकडे सरकत गेली आणि शिलाई मशीनच्या पायावर जाऊन आदळली. पुन्हा मागे आणून सोडली, पुन्हा तोच पाय.

"ताई, चार चाकं नाही जमली, तीन तरी जमव," बाबा पोट धरून हसले.

"अगं आत्या, सरळ ढकल ना," ठिणगी म्हणाली. मशीनच्या पायावर तिच्या गाडीचा कोपरा उडाला होता आणि तिचा जीव वरखाली होत होता.

"सरळच ढकलतेय."

"मग ती डावीकडे कशी जाते? मी चालवते तेव्हा जाते का? तुझ्या हातालाच दोष आहे."

आत्याने साबणाची डबी टेबलावर ठेवली. "हो गं. तुझा बापही तेच म्हणतो," ती म्हणाली आणि मशीनवर बसली. मशीन सुरू झालं, पण कापड आत सारायचं ती विसरली होती.

ठिणगीला ते लागलं. पण लागलं म्हणून चूक कबूल करेल तर ती कसली ठिणगी. आपलंच खरं आहे हे सिद्ध करायला तिने दांडीला रबर बँड लावून ती अगदी सरळ पुढे बांधली, डबी जमिनीवर ठेवली, आणि स्वतः दोन पावलं मागे सरून हाताची घडी घातली. आता कोणाचाच हात नव्हता. गाडी निघाली, हळूहळू डावीकडे सरकली आणि मशीनच्या त्याच पायावर आदळली.

तिने अंगठ्याकडे पाहिलं. इतके आठवडे गाडी चालवताना तिचा अंगठा आपसूक दांडी उजवीकडे झुकवत होता, आणि तिला पत्ताच नव्हता. उजवी मोटर डावीपेक्षा जरा जोरात फिरत होती, बस एवढंच. गाडी तिने घडवली आणि गाडीने तिचा अंगठा घडवला होता. तिला आत्याकडे बघायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं. सर चांगले होते, पण मागच्या वर्षीचा धूर त्यांच्याही नाकात होता.

"बाहेरून परीक्षक बाई येणारेत. कधीकधी स्वतः रिमोट हातात घेतात म्हणे. पण बॅच मोठी आहे, घेतीलच असं नाही," ते म्हणाले. "तू चालवलीस की सरळ जाते ना? मग तूच चालव. आदल्या दिवशी गाडी उघडू नकोस. उघडलीस आणि नाही जोडता आली तर उद्या दाखवणार काय?"

"आणि बाईंनी घेतली हातात, तर?"

"तर बघू."

तिला त्या बघूवर वर्ष टांगायचं नव्हतं. खरं सांगायचं तर बाई रिमोटला हात लावणार नाहीत अशी खात्री असती तरी तिने गाडी उघडलीच असती. जी गाडी एकाच अंगठ्याने सरळ चालते ती सरळ चालत नाही, हे एकदा कळल्यावर तिला गप्प बसवेना. घरी येऊन तिने सगळे स्क्रू काढले.

उजव्या मोटरीचा जोर कायमचा कमी करून ठेवणं सोपं होतं, पण बॅटरी उतरली की हिशेब पुन्हा चुकणार. मग तिने डब्याच्या झाकणातून दोन चकत्या कापल्या, त्यांना कडेने खाचा पाडल्या आणि दोन्ही चाकांच्या आत एकेक बसवली. चकतीच्या एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा सेन्सर. खाच आली की उजेड दिसतो, गेली की अंधार. म्हणजे कुठलं चाक किती फिरलं ते गाडीतल्या चिपला कळणार, आणि जे पुढे धावतंय त्याचा लगाम ती ओढणार. कागदावर हे सगळं गोड दिसत होतं. प्रत्यक्षात सोल्डरचा पहिला डाग देतानाच बॅटरीची वायर सुटली आणि तो ओळखीचा वास आला, मागच्या वर्षीचा.

तिने इस्त्री स्टँडवर ठेवली. सोल्डरिंगच्या इस्त्रीला ती इस्त्रीच म्हणायची. बॅटरी सोडवून बाजूला ठेवली, मग मीटर घेऊन एकेक जोड तपासत गेली. जळलं होतं ते फक्त एका वायरीचं आवरण. तिने ती वायर बदलली आणि मान मोडून पुन्हा कामाला लागली.

जोडून झाल्यावर गाडी आतल्या खोलीत गुणी बाळासारखी चालली, आणि खिडकीजवळ येताच स्वतःभोवती गरगर फिरायला लागली. ठिणगीने कपाळाला हात लावला. खिडकीतलं ऊन थेट सेन्सरवर पडत होतं, बिचाऱ्याला खाचा दिसणार कुठून. आणि लॅबला तर भिंतीपेक्षा खिडक्याच जास्त होत्या.

"काळं काही आहे का?" तिने विचारलं. कालपासून आत्याशी तिचं हे पहिलं वाक्य.

आत्याने दोरीवरचा बाबांचा काळा मोजा ओढला आणि कात्री चालवली. "कडा दुमडून देते. नाहीतर धागे चाकात जातील," ती म्हणाली. दोन्ही चाकांना छोटे काळे बुरखे शिवून झाले, आणि गाडी खिडकीजवळही शहाण्यासारखी वागायला लागली.

आता खरी चाचणी. ठिणगीने उंबऱ्यापाशी गाडी ठेवली आणि दांडी ढकलली. गाडी उजवीकडे गेली, थेट कपाटावर. तिने पुन्हा ठेवली. पुन्हा कपाट. संध्याकाळ झाली होती, सकाळी परीक्षा होती, आणि तिला हुंदका आवरेना. "सरांचं ऐकायला हवं होतं," ती म्हणाली.

आत्याने तिच्या हातातून डबी काढून घेतली, गाडी उंबऱ्यापाशी नेली आणि दांडी ढकलली. गाडी निघाली ती फरशीच्या सांध्यावरून, रेघ मारल्यासारखी, दारापर्यंत.

"सरळ तर जातेय," आत्या म्हणाली.

ठिणगी गाडीकडे बघत राहिली, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. गाडी सुधारली होती, अंगठा जुनाच होता. अजूनही तो नसलेली चूक निस्तरत होता. आणि मग तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी आलं.

"आत्या, लायसन्सच्या परीक्षेतली गाडी कोणाची असते गं?"

"तिथल्या ऑफिसची. का?"

"तिथे त्या दोन पट्ट्यांच्या मधून गाडी सरळ नेताना तू कुठल्या पट्टीवर गेलीस?"

"उजव्या."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा," आत्या म्हणाली. "मीठ चोळतेस का?"

"नाही गं. चुकलं माझं कालचं. तुझ्या हाताला काही झालेलं नाही," ठिणगी म्हणाली. "उद्याचं पार पडू दे, मग सांगते."

सकाळी लॅबमध्ये जमिनीवर दोन पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, पार या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. परीक्षक बाईंनी गाडी उलटीपालटी करून पाहिली.

"हे काय?"

"मोजा आहे. बाबांचा. सेन्सरवर ऊन पडू नये म्हणून."

बाईंनी नाकापर्यंत आणलेली गाडी जरा लांब धरली. "धुतलेला आहे ना? बरं, चालवून दाखव."

ठिणगीने साबणाची डबी त्यांच्यापुढे धरली. "तुम्ही चालवा."

सरांनी मागून खाकरून पाहिलं. ती हलली नाही. "मी चालवली तर माझा हात दिसेल," ती म्हणाली. "गाडी दिसणार नाही."

बाईंनी डबी घेतली. गाडी पट्ट्यांमधून निघाली. ठिणगीने हात पाठीमागे बांधले होते आणि तिथे तिचा अंगठा एकटाच उजवीकडे झुकत होता. पहिली खिडकी आली, ऊन आलं, गाडी उन्हातून गेली. दुसरी खिडकी. ना डावीकडच्या पट्टीला लागली ना उजवीकडच्या, गाडी समोरच्या भिंतीपाशी जाऊन थांबली. बाईंनी ती परत आणली, पुन्हा नेली, मग अर्ध्या वाटेवर हातातली डबी सरांकडे दिली. सरांच्या हातातही ती सरळच गेली.

"दोन मोटरी सारख्या नसतात हे तुला कधी कळलं?" बाईंनी विचारलं.

"मी आत्याला नावं ठेवली तेव्हा," ठिणगी म्हणाली.

बाईंनी तिला पास केलं. न्यायला बाबा आणि आत्या आले होते. बाबांनी टपावरची पाटी पुसून आणली होती. ठिणगी पुढे बसली, मांडीवर गाडी घेऊन. मोकळ्या मैदानाशेजारचा सरळ रस्ता लागला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, इथे हळू करा आणि स्टेअरिंग सोडा."

"का? माझ्या गाडीला काय धाड भरलीय?"

"नाही ना भरली? मग सोडा."

बाबांनी हसत दोन्ही हात वर केले. गाडी थोडी सरळ गेली, मग हळूहळू डावीकडे सरकली आणि चाक डांबरावरून मातीत उतरलं. बाबांनी ब्रेक मारला. पुन्हा रस्त्यावर घेतली, पुन्हा सोडली. पुन्हा माती. ते खाली उतरले, चारी चाकांची हवा पायाने दाबून पाहिली, परत येऊन बसले. मग आरशातून मागे बघितलं.

"ताई," ते म्हणाले, "जेवताना किती हसलो मी तुला."

"मला हसलास ते सोड. या गाडीवर हात बसवून किती जणांना परीक्षेत त्या उजव्या पट्टीवर पाठवलंस ते आठव."

"चाकांचं अलाइनमेंट गेलं असणार. आत्ताच गॅरेजला नेतो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज पार खाली गेला होता. "नीट झाली की फॉर्म भरू तुझा."

आत्या मागचं दार उघडून खाली उतरली, पुढे आली आणि तिने बाबांच्या बाजूचं दार उघडलं. "उतर. गॅरेजपर्यंत मी नेते. कुठे ओढते ते आता कळलंय ना मला."

ठिणगी आपली गाडी घेऊन मागे गेली. बाबा शेजारच्या सीटवर बसले. सवयीने त्यांचा पाय जादा ब्रेकवर गेला. आत्याने गाडी सुरू केली, सरळ रस्त्यावर आणली, आणि थोडं अंतर गेल्यावर बाबांनी तो पाय उचलून जवळ घेतला.