हवा माझी, नाव थोरलीचं

मी लाँड्रीच्या जुन्या व्हॅनमधली हीटरची मोटर बोलतेय. इंजिनाची ऊब पंख्याने ओढायची आणि समोरच्या काचेवर, पायांवर सोडायची, एवढंच माझं काम. ते मी चोख करते. तरी या गाडीत माझ्याबद्दल कुणी बरा शब्द काढत नाही. शब्द निघतात ते थोरलीबद्दल.

थोरली म्हणजे माझ्या आधीची. व्हॅन घेतली तेव्हापासूनची. चालू झाली की कुईंकुईं ओरडायची. शेवटी शेवटी ओरडणंच जास्त, वारा नावाला. म्हाताऱ्यांचं असतंच तसं.

मी कारखान्यातून सरळ खोक्यात गेले आणि दुकानाच्या फळीवर धूळ खात बसले. तिथून मला लाँड्रीवाल्या बाबांच्या लेकीने आणलं. व्हॅन आता तीच चालवते. बाबा शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबतात. तिने डॅशबोर्डखाली उताणं पडून थोरलीचे तीन स्क्रू काढले, मला बसवलं, बटण फिरवलं. मी अशी गुमान फिरले की माझं मलाच कौतुक वाटलं.

"चालूच झाली नाही," बाबा म्हणाले.

"बाबा, हात धरून बघा ना समोर."

"हात कशाला धरू? जुनीचा आवाज यायचा. चाललीय हे माणसाला कळायचं."

"ती मरायला टेकली होती म्हणून ओरडायची!"

"टेकली असेल. बोलायची तरी. ही मेली घुमी."

बाबांना कमी ऐकू येतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, एक त्यांना सोडून. थोरलीची किंकाळी तेवढी त्यांच्या कानात शिरायची. त्यात माझा काय गुन्हा?

थोरलीला त्यांनी भंगारात दिलं नाही. जुन्या बनियनमध्ये गुंडाळून सीटखाली ठेवलं, माझ्यापासून हातभर अंतरावर. गाडी थांबली की काढायचे, पुसायचे, तेलाचे थेंब सोडायचे. मला कुणी साधी फुंकर मारली नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय!

एका दुपारी लेक जरा आडवी झाली होती. बाबांनी मला उपटलं आणि थोरलीला पुन्हा बसवलं. मी खोक्यात, खोकं मागे गठ्ठ्यांमध्ये. मला बनियनसुद्धा मिळालं नाही.

लेक गाडीत बसली तर कुईंकुईं. "बाबा, हे काय केलंत?"

"तेल पाजलंय. आता तुझ्या पोरांनासुद्धा पुरेल."

भांडायला तिला सवड नव्हती. चादरी खोळंबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस. गुडघे धरले म्हणून बाबा घरीच राहिले. मागे ओल्या चादरींचा ढीग, त्यांची वाफ काचेवर चढलेली. नेमक्या उतारावर थोरली अडकून बंद पडली. समोर सगळं पांढरं. लेक बाहीने काच पुसत होती, तेवढ्यात पुढ्यात एक सायकलवाला उगवला. तिने करकचून ब्रेक मारला. गठ्ठ्यांसकट मी पुढे आदळले. सायकलवाला शिव्या देत निघून गेला.

मग तिथेच, गाडी कडेला लावून, तिने मला परत बसवलं. थोरली माझ्या खोक्यात गेली. खोकं गेलं सीटखाली.

दुसऱ्या दिवशी बाबा शेजारी बसले. पायांना ऊब लागली. त्यांनी हात पुढे केला. माझ्यासाठी जो हात हलला नव्हता, तो थोरलीसाठी लगेच पुढे आला.

"बघ! तेलाने ओरडणंसुद्धा थांबलं. तुम्ही पोरं उगाच नव्याच्या नादी लागता."

लेकीने तोंड उघडलं. आता सांगेल, आता सांगेल, म्हणून मी ऐकत होते.

"हो बाबा," ती म्हणाली आणि गिअर टाकला.

भांडण टळलं. काच स्वच्छ राहिली. रोज सकाळी बाबा हात शेकतात, थोरलीचे गोडवे गातात आणि मी मुकाट वारा देते. थांबले तर लेकीला रस्ता दिसायचा नाही, एवढ्यासाठीच.

पण तुम्ही कधी या गाडीत बसलात आणि "आमची जुनी मोटर बघा" असं म्हातारा म्हणाला, तर मान डोलवू नका. विचारा त्याला, "मग सीटखालच्या खोक्यात कोण आहे?"