बाकावरचा बेलीफ

गुरुवारी सकाळी डेलविन प्रॉथेरो कुमहेलिग रग्बी क्लबच्या फाटकाशी उतरला, तेव्हा त्याच्या खिशात कोर्टाचा हुकूम होता, हातात लाल चिकटपट्ट्यांचा गठ्ठा होता आणि कानात बायकोची ताकीद होती. भांडू नकोस आणि कुणाचा चहा पिऊ नकोस. चहाचा नियम खरं तर त्याच्या साहेबांचा, मिस्टर पिंक यांचा. जप्तीच्या जागी घोटभर चहा घेतला की बेलीफ मिंधा झाला, असं त्यांचं म्हणणं. पण लाउरीनं तो नियम नवऱ्यापेक्षा जास्त पाठ केला होता, कारण तिचं घर त्या नोकरीवर चालत होतं.

आमच्या खोऱ्यात त्याला डेलविन कुणी म्हणत नसे. टेली म्हणत. निम्म्या खोऱ्याचे टीव्ही त्यानं उचलून नेले होते, त्यामुळे दुसरं नाव शोधायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. आमच्याकडे माणसाला नाव ठेवतात, मग आयुष्यभर त्या नावानं नावं ठेवतात. टेली पबमध्ये शिरला की कुणी शिवी देत नसे, उठूनही जात नसे. माणसं फक्त पाठ फिरवून उभी राहायची. तो एक ग्लास बिअर एकटाच संपवून घरी जायचा.

आता क्लबची ही दशा कशी झाली, तर क्रॅडॉक नावाचा एक बाथटबवाला त्याला कारण. बाथटब विकून हा गब्बर झाला आणि मग त्याच्या डोक्यात रग्बी शिरलं. पाच वर्षांत युरोप जिंकू म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आमच्यातल्या शहाण्यांनीसुद्धा. त्यानं फिजीहून खेळाडू आणले, न्यूझीलंडहून आणले, स्वतःला बसायला गरम होणाऱ्या खुर्च्यांची खोली बांधली. युरोप राहिला बाजूला, शेजारचं गावसुद्धा जिंकून झालं नाही. मग एक दिवस छातीला मानवत नाही म्हणून हवापालटाला पोर्तुगालला गेला तो गेलाच. मागे राहिले बिनपगारी खेळाडू, गळकं छप्पर आणि बिलं. त्यात संघाला सामन्यांना नेणाऱ्या बसवाल्याचा धीर सगळ्यात आधी सुटला. तो कोर्टात गेला आणि कोर्टानं टेलीला धाडलं.

दारातच मेरेरिड उभी होती. साठीची बाई, संघाची व्यवस्थापक. क्लबमध्ये राष्ट्रगीत सोडून बाकी सगळं तिच्या परवानगीनं होत असे.

"ये रे टेली, ये. चहा घेणार?"

"नको, बाई."

"घे की! विष नाही घातलंय. विषाला पैसे कुठायत?"

डेलविन खाली मान घालून कामाला लागला. धुलाई यंत्रांना पट्टी, बारमधल्या टेबलांना पट्टी, करंडकांच्या कपाटाला पट्टी. क्लबचा बकरा खुंट्याला बांधलेला होता. सामन्याआधी त्याला लाल झूल घालून मैदानात फिरवायचे. डेलविन त्याच्यापुढे विचारात पडला.

"तो पाळीव आहे," मेरेरिड म्हणाली. "पाळीव प्राणी जप्त करता येत नाही."

"बाई, हा मागच्या वर्षी टीव्हीवर जाहिरातीत होता. म्हणजे धंद्याचा झाला."

"मग लाव पट्टी."

त्यानं लावली. बकऱ्यानं ती खाल्ली. डेलविननं मग तो पाळीव आहे असं मान्य करून टाकलं.

फिरत फिरत तो मागच्या शेडमध्ये आला. तिथं स्क्रमचा गाडा होता. आठ गडी खाली वाकून, एकमेकांत गुंतून समोरच्या आठांना रेटतात त्याला स्क्रम म्हणतात, आणि तो रेटा ज्याच्यावर घोटून घेतात तो हा लोखंडी गाडा, पुढे खांदे टेकायला गाद्या लावलेला. डेलविननं पट्टी काढली आणि गादीवर हात ठेवला. मग इकडेतिकडे पाहिलं, टोपी काढून खिशात कोंबली, कमरेत वाकला आणि खांदा लावला. गाडा कुरकुरला आणि वीतभर मागे सरकला.

"अरे देवा," मागून मेरेरिड म्हणाली. "तुझे कान बघू."

त्यानं चटकन टोपीकडे हात नेला, पण उशीर झाला होता. कान पार चुरगळून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे झालेले. असे कान दुसऱ्या कुठल्या धंद्यात होत नाहीत. स्क्रमच्या पहिल्या ओळीत, शत्रूच्या डोक्यावर डोकं घासत वर्षं काढली की होतात.

"प्रॉप होतास? पहिल्या ओळीच्या कडेचा?"

"होतो. उजव्या बाजूचा."

"कुणाकडून?"

"ब्लाइनवेन."

"शी!" डोंगरापलीकडचं ब्लाइनवेन म्हणजे कुमहेलिगचं सात पिढ्यांचं वैर. "मग सोडलंस का?"

"मी नाही सोडलं. क्लब बुडाला. मी जिथं स्क्रमला उभा राहायचो ना, तिथं आता सुपरमार्केटात गोठवलेले मटार मिळतात. लाउरी सामान घ्यायला जाते. मी गाडीतच बसतो."

मेरेरिड गाद्यांवर बसली आणि तिनं सगळं सरळ सांगून टाकलं. शनिवारी सामना होता. नियम असा की बाकावर पहिल्या ओळीचे तीन राखीव गडी हवेतच, नाही तर सामना सोडून द्यायचा. आणि ज्यानं सामना सोडला तो लीगमधून बाहेर. स्वॉन्झीची एक कॅराव्हॅनवाली बाई क्लब विकत घ्यायला तयार होती, पण मोसम संपेपर्यंत क्लब लीगमध्ये टिकला तरच. आणि मंगळवारी दोन प्रॉप पगाराची वाट बघून कंटाळून रातोरात फ्रान्सला पळाले होते.

"एक सापडलाय, कॉलेजातला. दुसरा हवाय. तू फक्त बाकावर बसायचं."

"बाई, मी त्रेचाळीस वर्षांचा आहे."

"हेफिन एकोणचाळीसचा आहे, आणि गुडघे साठीचे. तरी उजव्या बाजूचा प्रॉप आहे, आणि कप्तानही."

"माझी नोकरी जाईल. जिथं जप्ती तिथं चहासुद्धा..."

"जाईल ना," मेरेरिड म्हणाली. "खोटं कशाला बोलू? जाईलच. पण मला प्रॉप हवाय, आणि या खोऱ्यात शिल्लक राहिलेला तू एकच आहेस."

डेलविनला हसू आलं आणि रडूही आलं. या खोऱ्यात "तू हवा आहेस" असं त्याला कुणी म्हणून किती काळ लोटला होता! दार लावून घ्या, टेली आलाय, एवढंच त्यानं ऐकलेलं. मेरेरिडनं पुढे केलेल्या फोनवर, खेळाडूच्या नोंदणीखाली, त्यानं बोटानं सही ओढली. सही वेडीवाकडी आली.

"आता जप्ती राहू दे मग?" त्यानं विचारलं.

"छे छे! काम पुरं करून जा हो. अर्धवट नको. तुझ्या साहेबाला काय वाटेल?"

त्याला ते पटलं. उरलेल्या खुर्च्यांना पट्ट्या लावून, जप्तीच्या यादीवर रीतसर सही करून तो घरी गेला.

स्वयंपाकघरात लाउरी सॉसेज तळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि झारा तसाच हातात धरून म्हणाली, "तुला वेड लागलंय का? नोकरी गेली तर आपला टीव्ही न्यायला कोण येईल, ठाऊक आहे? तुझ्याच हाताखाली शिकलेला कुणीतरी टोणगा!"

"हो."

"मानेला काही झालं तर तुला भरवायला मी बसणार नाही."

"बरं."

तिनं सॉसेज उलटी केली. "बूट माळ्यावर आहेत," ती म्हणाली. "टाकले म्हटलं होतं ना, ते नव्हते टाकले."

शनिवारी ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं गेलं. "अठरा नंबर, डेलविन प्रॉथेरो." क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर टेली!" आणि सगळा स्टँड उठला. "माझा टीव्ही कुठंय रे?" "रिमोट तरी परत दे, मेल्या!" डेलविन बाकावर बसून बुटांची नाडी बांधत राहिला. बांधून झाल्यावर सोडून पुन्हा बांधली.

बसूनच राहायचं होतं. पण साठीचे गुडघे ते साठीचेच. उत्तरार्धात हेफिन कोसळला आणि दोघांच्या खांद्यावर लंगडत बाहेर आला. कॉलेजातला पोरगा डाव्या बाजूचा, त्याला उजवीकडे घातला असता तर मान मोडून घेतली असती. मेरेरिडनं डेलविनकडे पाहिलं. तो उठला.

समोरचा प्रॉप बावीस वर्षांचा, म्हशीएवढा, दात नसलेला. पहिल्याच स्क्रममध्ये त्यानं डेलविनची घडी घातली. डेलविनच्या तोंडात चिखल गेला, छातीतला श्वास गेला, पंचाची शिट्टी वाजली. स्टँडमधून एक बाई ओरडली, "टीव्ही उचलतोस ना? मग आता स्वतःला उचल!"

तो उठला. दुसऱ्या स्क्रमलाही आडवा झाला. तिसरा स्क्रम आला तो कुमहेलिगच्या गोलरेषेच्या तोंडाशी. डेलविन वाकला, खांदा नेहमीपेक्षा खाली घेतला आणि कान समोरच्याच्या कानाला लावला. धडक बसली. मान पेटली, पाठीचा प्रत्येक मणका आपापलं नाव सांगू लागला. पण पाय हलले नाहीत. समोरचा पोरगा रेटत होता आणि गुरगुरत होता, आणि मग गुरगुरायचा थांबला. तिथं डेलविनला कळलं की याचा दम संपलाय. त्यानं पाऊल पुढे टाकलं. बाकीचे सात त्याच्याबरोबर आले. आणखी एक पाऊल, आणि समोरचा स्क्रम मधोमध फुटून वर उधळला.

स्टँडमध्ये जे ओरडणं सुरू झालं ते पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढ्यांनीही ऐकलं असेल. "टे-ली! टे-ली!" मघाची ती बाई सगळ्यात मोठ्यानं.

सामना हरले. चांगले सणकून हरले. पण सोडला नाही, पुरा खेळले.

बारमध्ये त्याला खुर्चीवर उभं करून गाणं म्हणायला लावलं, कारण पहिला सामना खेळलेल्यानं गायचं असतं. त्यानं ब्लाइनवेनचं गाणं म्हटलं, तेव्हा त्याच्यावर पावाचे तुकडे फेकले. तेवढ्यात फोन वाजला. मिस्टर पिंक यांनी सामना टीव्हीवर पाहिला होता. सोमवारी येऊ नकोस, बिल्ला टपालानं पाठव. डेलविन खुर्चीवरून उतरला. सामना बघायला आलेल्या लाउरीनं त्याच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं आणि त्याच्या हातात ग्लास दिला.

"गेली," तो मेरेरिडला म्हणाला. "आता दुसरा बेलीफ येईल. माझी यादी घेऊन येईल आणि सामान भरून नेईल."

"कुठली यादी?" मेरेरिड म्हणाली. "या लीगमध्ये फुकट कुणी खेळत नाही, बाळा. गुरुवारी फोनवर सही केलीस, तिथंच तू आमचा पगारी गडी झालास. म्हणजे क्लब तुझं देणं लागतो. आणि त्याच्यानंतर तू जप्तीवर सही केलीस. ज्याचे स्वतःचे पैसे अडकलेत, त्या बेलीफची जप्ती कोर्टात उभी राहते का?"

डेलविन मनाशी उजळणी करत राहिला. राहत नाही. एक पट्टीसुद्धा उभी राहत नाही. बसवाल्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार. नवा अर्ज, नवी तारीख, नवा हुकूम. तोवर मोसम संपलेला असेल.

त्याचे कान तापले. "म्हणजे तू मला बनवलंस! काम पुरं करून जा म्हणालीस!"

"बनवलं."

"मग खरं सांग. तुला प्रॉप हवा होता की बेलीफ?"

मेरेरिडनं ग्लास खाली ठेवला. तिची जीभ एरवी कधी अडखळत नसे, आता अडखळली.

"गुरुवारी बेलीफ हवा होता," ती म्हणाली. "प्रॉप मिळाला तर बरंच, म्हटलं. पण आज... त्या तिसऱ्या स्क्रमला मी बेलीफबिलीफ सगळं विसरले, देवाशपथ. मी रडत होते रे, मूर्खा."

डेलविनची मान वळत नव्हती, म्हणून सगळं अंग वळवून त्यानं बारकडे पाहिलं. हेफिन कोपऱ्यात गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता.

"मंगळवारी सराव आहे," हेफिन तिथूनच म्हणाला. "माझा गुडघा गेला. येणार ना?"

"येईन. पण माझ्या आजच्या पैशांचं काय?"

सगळा बार हसायला लागला. फिजीचे हसले, कॉलेजातला हसला, बिअर ओतणारी पोरगी हसली. मेरेरिड डोळे पुसत म्हणाली, "रांगेत उभा राहा, बाळा."

"शेवटी कोण आहे?" डेलविननं विचारलं.

हेफिननं बर्फाची पिशवी सावरत हात वर केला. डेलविन आपला ग्लास घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसला.