मेणबत्तीतली बॅटरी

शनिवारी दुपारी मेर्लिंदाचे वडील पेलाग्यो कॉम्प्युटरसमोर माईक धरून खर्ज लावत होते आणि ती आत सुके मासे तळत होती. चर्चच्या गायकांना सुरावट वाचता येत नसे, म्हणून ते प्रत्येकाचा भाग स्वतः गाऊन रेकॉर्ड करून ठेवायचे.

"इंदाय, पोरी, कढई जरा दमानं! गाण्यात मासे तडतडताहेत."

"मग त्यांनाही घ्या की, ताताय. तुमच्या चर्चमधल्या बोनिफासपेक्षा सुरात आहेत."

ते खो खो हसले. रविवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

आठवडाभर शवपेटी बाहेरच्या खोलीत होती. जागरणाला आलेले शेजारी पत्ते खेळत, कॉफी पीत आणि मेर्लिंदाचा हात धरून म्हणत, "बापासाठी मनिलाची नोकरी सोडून आलीस. पुण्यवान गं बाई." ती मान हलवायची. पेलाग्योंचाही समज तोच होता. जेवून उठताना कधीतरी म्हणायचे, "मी तुला बांधून ठेवलं." ती ताटं उचलून आत न्यायची.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वडिलांचा आवाज आठवून पाहिला. शब्द आठवले, आवाज येईना. ती तशीच उठली आणि कॉम्प्युटर सुरू केला. पेलाग्योंना फोनचा तिटकारा होता. त्यांचा आवाज जगात या एकाच ठिकाणी होता.

यंत्र एकदा लांब किंचाळलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. तारीख चुकली आहे. आणि त्याखाली, डिस्क सापडत नाही. कोपऱ्यातली तारीख कितीतरी वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीची होती.

बंद करून तिने पुन्हा लावलं. पुन्हा तीच किंकाळी.

"तोच आहे," आत्या कोन्सिंगने छातीवर क्रूस काढला. "नऊ दिवस जीव घरातच फिरतो. बघ, घड्याळ मागं नेलंय त्यानं. हात लावू नकोस!"

मेर्लिंदाला भुताची भीती नव्हती. भीती होती ती आतला आवाज पुसला गेला असेल याची.

शाळासोबती ताक्यो बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. रविवार असूनही तो आला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "जुना डबा आहे, लिंदा. फॉरमॅट मारतो. नवा करकरीत होईल."

त्या गावात कुठल्याही कॉम्प्युटरला काहीही झालं तरी औषध हे एकच. आतलं सगळं पुसून टाकायचं. मेर्लिंदाने त्याचं मनगट धरलं.

"पुसलंस तर हात तोडीन."

"अगं सोड, त्याच हातानं जेवतो मी!" मग तिचा चेहरा पाहून तो गंभीर झाला. "बरं. कुणी प्लग काढला होता का याचा?"

"मी काढला, काल परत लावला," आत्या म्हणाली. "शवपेटीचे दिवे मग कुठं लावायचे होते? भावाला अंधारात ठेवू?"

"आठवडाभर?" ताक्योने कपाळाला हात लावला. "आत नाण्याएवढी बॅटरी असते. वीज नसली की तारीख, डिस्क कशी वाचायची, हे सगळं तीच लक्षात ठेवते. म्हातारी झाली असणार. तासभर वीज गेली तर निभावत होती. आठवडा नाही झेपला."

"म्हणजे डिस्क शाबूत आहे?"

"असावी."

"असावी?"

"मी काय देव आहे?"

बाजार बंद. ताक्योची नजर पेलाग्योंच्या फोटोसमोरच्या, बॅटरीवर चालणाऱ्या मेणबत्तीवर गेली. "हिच्यात तीच बॅटरी असते."

आत्या दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली. "नववा दिवस होईपर्यंत हा दिवा विझवायचा नाही! वाट चुकेल त्याची."

"आत्या," मेर्लिंदा म्हणाली. "त्यांचा आवाज आहे त्यात."

कोन्सिंगने हात खाली घेतले. मग आतून खरी मेणबत्ती आणून तिने पेटवली, फोटोसमोर ठेवली आणि त्यालाच दटावलं, "पेलाग्यो, तुझ्याचसाठी नेतोय. रागावशील तर बघ."

ताक्योने बॅटरी बसवली, तारीख घातली. मग त्याचं बोट थांबलं. "डिस्क वाचायच्या पद्धती दोन. तुझ्या बाबांनी कुठली ठेवली होती, कुणास ठाऊक." त्याने एक निवडली. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. आत्या पुटपुटत जपमाळ ओढू लागली.

"दुसरी," ताक्यो म्हणाला, पण या वेळी तो पडद्याकडे बघत नव्हता.

निळा उजेड खोलीभर पसरला.

मेर्लिंदाने हाताला लागेल ती फाईल उघडली. नाताळच्या गाण्यांची होती. आधी खोकला, मग घसा साफ करणं, मग तो खरखरीत, खोल आवाज.

"बोनिफास, लक्ष दे. मागं भांडी वाजताहेत, तिकडे कान देऊ नकोस. माझी लिंदा आहे. माझ्यापायी अडकलीय इथं बिचारी. हं, एक, दोन..."

तिने गाणं थांबवलं. ताक्यो आणि आत्या दोघं उभी होती. तिला त्यांचं भान नव्हतं.

"नाही, ताताय," ती मोठ्याने म्हणाली. "अडकले नव्हते मी. मनिलात मला एक दिवसही करमलं नाही. तुमच्यासाठी नाही आले. मला घरी यायचं होतं, म्हणून आले."