कबरस्तानातला मातामायचा बकरा

मी बकरा बोलतोय. तोंडात आत्ता काही नाही म्हणून बोलतोय. बकऱ्याच्या जन्मात असा वेळ फार थोडा येतो, तेव्हा ऐकून घ्या. घाई मात्र करू नका. मी म्हातारा झालोय, आणि शिक्षणाचं म्हणाल तर शाळेच्या कुंपणाचा पाला खाल्ला, तेवढंच.

माझं नाव कानफाट्या. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं, असं लोक म्हणतात. माझं नाव कुणी बदनामी करून पाडलेलं नाही. माझा कान खरोखरच फाडलेला आहे. त्याची गोष्ट अशी.

बालाघाटकडच्या लामत्याहून जंगलाच्या अंगाला वळलं की आमचं गाव. तिथं महागूबाबाचं घर. भाताच्या रोवणीच्या दिवसांत त्याची सून कमला चिखलाच्या बांधीत उतरली आणि तिला पान लागलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. तिला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. गाडीवर महागूबाबाला जागा नव्हती. तो तसाच गावदेवी मातामायच्या ठाण्यावर गेला, चिखलाचे हात जोडले आणि म्हणाला, "माय, माही सून घरी येऊ दे. तुले बकरा देतो."

सून घरी आली. त्याच सुमाराला महागूबाबाच्या गोठ्यात मी जन्मलो. त्यानं मला उचललं, कानाला चीर दिली आणि गावाला सांगितलं, "हा मायचा." जन्माबरोबर मरणही ठरलं म्हणायचं. पण मला ते काय ठाऊक! मला वाटलं, वा, काय थाट आहे!

आणि थाटच होता हो. मायच्या बकऱ्याला कुणी काठी मारत नाही, कुणी दावं लावत नाही. मी लाखोरीच्या शेतात शिरलो तर शेतकरी हात जोडून म्हणायचा, "बापू, झालं ना पोट? निघ आता." चहाच्या टपरीवर बिस्कीट, लग्नाच्या मांडवात केळीचं पान, सरपंचाच्या फटफटीच्या सीटवर उभं राहून गावाची देखरेख. कारण बकऱ्याला उंच जागा लागते. उंच काही दिसलं की चढायचं. चढून करायचं काय, ते ठरलेलं नसतं. माणसांचंही तसंच असतं, असं मी पाहिलंय.

गावाबाहेर मोहाची दाट झाडी. तिच्या एका टोकाला मातामायचं ठाणं, दुसऱ्या टोकाला गोऱ्यांचं कबरस्तान. खाणीवर आणि रेल्वेवर कामाला आलेले साहेब, मडमा, त्यांची लेकरं, कोणी तापानं गेलं, कोणी बाळंतपणात, ते सगळे तिथं निजलेले. रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, झुडपं इतकी माजली होती की एखाद्या साहेबाला उठून बाहेर यावंसं वाटलं असतं तरी वाट सापडली नसती.

मग रविवारवाले आले.

बालाघाटहून, गाड्यांवर, कोयते, फावडी आणि पोह्यांचे डबे घेऊन. म्होरक्या त्र्यंबकराव, सरकारी नोकरीतून निवृत्त, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. त्यांच्यासोबत श्रद्धाताई, कॉलेजात शिकवणाऱ्या, हिंदी आणि मराठी एकाच घासात खाणाऱ्या. बाकी शहरातली हौशी मंडळी. दर रविवारी येतात, झुडपं तोडतात, दगड पुसतात, झाडं लावतात आणि याचा पगार कुणी देत नाही, हे कळल्यावर गाव पोट धरून हसलं.

झाडीत मोह वेचणारी जिजाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काहो साहेब, हे तुमचे कोण लागतात?"

"कुणी नाही, मावशी."

"मंग? आपले मेलेले सोडून लोकायच्या मेलेल्यायची झाडलोट?"

"आपल्यांना आपण आहोत. यांचं झाडायला कोण येणार?"

जिजाबाई तोंडाला पदर लावून हसली. पुढच्या रविवारी स्वतःचा खराटा घेऊन आली आणि म्हणाली, "सरका. मले पाहवत नाही तुमची झाडणी."

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. त्यांनी आवळ्याची रोपं लावली, मी खाल्ली. पुन्हा लावली, पुन्हा खाल्ली. त्र्यंबकराव शिट्टी फुंकत माझ्यामागे धावले. मी झुडपात घुसलो, उडी मारली आणि एका उंचवट्यावर उभा राहून त्यांच्याकडे पाहू लागलो. माझ्यापर्यंत यायला त्यांनी रागारागानं कोयता चालवला. ठण्ण! कोयता दगडावर.

मी कबरीवर उभा होतो.

त्र्यंबकराव मला विसरले. गुडघ्यावर बसून त्यांनी वेली ओढल्या, ओल्या फडक्यानं दगड पुसला. अक्षरं वर आली. श्रद्धाताईंनी बोट फिरवत वाचलं, एका लहान मुलीचं नाव होतं. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, ये तो बकरे ने ढूँढा!" आणि टाळ्या पडल्या. टाळ्या मला फार आवडल्या. मी लगेच दुसरीकडे उडी मारली.

तिथंही कबर निघाली! तेव्हापासून कामाची रीतच पडली. कानफाट्या कुठं उभा राहतो ते पाहायचं आणि तिथं कोयता न्यायचा. एकदा मी फारच उंच जागी चढलो. त्र्यंबकराव हरखले. "ही नक्की मोठ्या साहेबाची!" दुपारभर सगळ्यांनी मिळून नाजूक ब्रशांनी ती जागा साफ केली. शेवटी त्र्यंबकरावांच्या पायजम्यात मुंगळे शिरले. ते वारूळ होतं. त्र्यंबकराव असे नाचले, असे नाचले की जिजाबाई खराटा टाकून जमिनीवर बसली. "साहेब उठला वो माय, साहेब उठला!"

हसून झाल्यावर पोहे. पोहे मलाही.

झाडीला एक दुखणं होतं. चैत्रात मोह गळतो. खालचा पाला दाट असला की फूल दिसत नाही, म्हणून वेचणारे पाल्याला काडी लावत. आग झाडीभर पळायची, रोपं जळायची, कबरींचे दगड काळे पडायचे. रविवारवाल्यांनी हात जोडले. जिजाबाईनं सौदा केला, "पाला तुम्ही झाडा, मोह आम्ही वेचू. काडी कोणी लावणार नाही." आणि खरंच, फाल्गुन लागल्यापासून शहरातली शिकलेली माणसं मोहाखाली खराटे मारू लागली. आग नसलेला तो पहिला चैत्र. झाडाखाली सारवल्यासारखं अंगण, आणि वरून टप टप पिवळा, रसाळ मोह. काय सांगू तुम्हाला! वासानंच मी चार पायांवर चारीकडे जायचो.

त्याच चैत्रात नथ्थू पुजारी महागूबाबाच्या ओट्यावर येऊन बसला.

"महागू, बकरा घोड्याएवढा झाला. माय वाट पाहून राह्यली."

महागूबाबानं आजवर दर वर्षी काहीतरी सांगितलं होतं. यंदा बारीक आहे, यंदा खोकला आहे, यंदा पाऊस धड नाही. आता मी असा गुबगुबीत की सांगायला काही उरलं नव्हतं.

कमला आतून म्हणाली, "बाबा, दवाखान्यातल्या डॉक्टरले आपण पेढे देऊन सुटलो. मायलेच काहून बकरा?"

"डॉक्टरले मी काही बोललो नव्हतो. मायले बोललो."

"माह्या जिवासाठी त्याचा जीव. मले घास जाईन काय?"

महागूबाबा दुपट्टा झटकून ओट्यावरून उठला.

रविवारी श्रद्धाताई त्याच्याजवळ आल्या. "बाबा, हम दूसरा बकरा ला देंगे ना. हा आमचा आहे हो, आमच्यातला आहे."

"पोरी, दुसरा मी बोललो नाही. कान चिरून हाच बोललो. तोंडातून निघालेला शब्द बदलता येते काय? सून तर मायनं हीच परत देल्ली, दुसरी कोणाची नाही." असं म्हणून त्यानं दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि धूळ फार उडते म्हणाला.

मला एवढंच कळलं की मंगळवारी मला हार घालणार आहेत. मी खूश होतो.

मंगळवारी उजाडताच महागूबाबानं मला झाडीत नेलं. कबरस्तानाच्या दगडावर बसला, आणि पाठीवर हात फिरवून म्हणाला, "चर बापू. पोटभर चर."

रात्रभराचा मोह खाली पडलेला. मी खाल्ला. एका झाडाखालचा संपवला, दुसऱ्या झाडाखाली गेलो. पोट ढोलासारखं झालं. डोकं हलकं झालं. मला दोन महागूबाबा दिसू लागले, दोघंही चांगले. कबरी हळूहळू चालू लागल्या. मीही त्यांच्यासोबत चाललो.

जिजाबाई टोपली घेऊन आली. "बाबा, तो माहा मोह खाऊन राह्यला!"

"खाऊ दे, जिजे. आज खाऊ दे."

ती महागूबाबाकडे पाहत राहिली. मग तिनं आपली भरलेली टोपली माझ्यापुढे उलटी केली आणि दुसऱ्या झाडाकडे गेली.

ठाण्यावर डफडं वाजत होतं. चुली पेटल्या होत्या, मसाला वाटून तयार होता, गंजात पाणी उकळत होतं. रविवार नसतानाही रविवारवाले आले होते. ते लांब उभे होते. त्र्यंबकरावांनी टोपी काढून हातात धरली होती.

आमच्याकडे असं आहे, की बकऱ्यापुढे पळसाच्या पानावर तांदूळ ठेवतात. बकऱ्यानं आपल्या तोंडानं दाणे टिपले, म्हणजे मायनं त्याला पसंत केलं. तोवर सुरा उचलायचा नाही.

नथ्थूनं तांदूळ ठेवले. डफडं थांबलं. महागूबाबानं डोळे मिटले. मी वाकलो, हुंगलं. अहो, आत दाण्याला जागा नव्हती! मी शिंकलो. सगळे तांदूळ नथ्थूच्या मिशीत.

नथ्थूनं मिशी झटकली, नवे तांदूळ आणले. मी त्यावर पाय दिला. चुलीकडून कोणीतरी ओरडलं, "गूळ लाव गूळ!" गूळ लावला. मी फक्त पाहिलं, आणि माझे पाय आपोआप दुमडले. महागूबाबाच्या मांडीवर डोकं ठेवून मी एक लांब ढेकर दिला. ठाण्यावर मोहाचा घमघमाट सुटला.

आधी कमला हसली. मग जिजाबाई. मग सगळ्या बाया पदरात तोंड घालून फिदीफिदी.

नथ्थूनं मला हुंगलं. मग महागूबाबाकडे बराच वेळ पाहिलं. महागूबाबा आभाळ पाहत होता. नथ्थू मायपुढे जाऊन बसला, पुटपुटला, उठला.

"माय म्हणते, मले नाही पाहिजे. माह्या झाडीतच राहू द्या त्याले."

"आन मसाला वाटला त्याचं काय?" चुलीवाले रडकुंडीला आले.

"कोहळा घाला त्याच्यात!"

मग काय विचारता! डफडं असं वाजलं की कबरस्तानातल्या मडमासुद्धा ठेका धरतील. श्रद्धाताई मला मिठी मारून हिंदीत रडल्या, मराठीत हसल्या. त्र्यंबकराव मुंगळ्यांशिवाय नाचले. मी दोन पायांवर उभा राहून एक गिरकी घेतली आणि पडलो. कोहळ्याची भाजी शंभर जणांनी बोटं चाटून खाल्ली, आणि बकऱ्याला एवढी चव नसते असं नथ्थूच म्हणाला.

गडबडीत महागूबाबानं त्याला बाजूला घेतलं. "नथ्थू, माहं बोलणं फिटलं ना?"

"फिटलं."

"नक्की?"

"बाबा, तू आणून उभा केला. घेणं न घेणं तिचं."

तेव्हा कुठं तो खाली बसला आणि लेकरासारखा हसला.

आता माझी दाढी पांढरी झाली, गुडघे वाजतात. कबरस्तानात नावं वाचता येतात. आवळे मोठे झाले, आता ते माझ्या तोंडाला लागत नाहीत, आणि मीही तक्रार करत नाही. झाडीला काडी लागली नाही. मोहाखाली नवे कोंब दिसतात. माझं मागणं एवढंच, की कधी इकडे आलात तर कागद, पुड्या टाकू नका, दगडावर आपलं नाव कोरू नका. आणि झाडणाऱ्यांना हसलात तरी चालेल, पण हसता हसता एखादा खराटा उचला.

महागूबाबा रोज संध्याकाळी येतो. आम्ही दोघं एका कबरीला टेकून बसतो. काल जिजाबाईनं त्याला गाठलंच.

"बाबा, आता तरी खरं सांग. जन्मभर बकऱ्या राखल्या तू. भरल्या पोटी बकरा दाण्याले तोंड लावत नाही, हे तुले ठाऊक नव्हतं काय?"

महागूबाबानं माझ्या मानेतले केस बाजूला केले, डोळे बारीक करून पाहिलं.

"जिजे," तो म्हणाला, "गोचीड झाले वो याले. जरा तेल आणतं काय?"